बिनसाखरेच्या चहाचं पेटंट

१२ जानेवारी

प्रिय मामा,

सा. न. तुझा डोळा बरा असेल. डॉक्टरांनी पडद्याकडे बघू नकोस म्हटल्यापासून तू सगळ्या नातेवाइकांना कागद-पेन हातात धरायला लावलं आहेस. माझं अक्षर बघून मामी वैतागणार, पण वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आहे, त्याला माझा इलाज नाही.

मामा, मी चोर आहे असं परवा कळलं. रीतसर नोटीस आली आहे. पाकीट एवढं जाड होतं की आईला वाटलं, मला स्कॉलरशिप मिळाली. तिनं उघडायच्या आधी शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं.

प्रकरण 'पुढचा शब्द'चं आहे. बाबांना झटका आल्यावर वाचा गेली आणि हातात फक्त डावा अंगठा उरला, तेव्हा मी तो प्रोग्राम लिहिला होता. अंगठ्याखाली एक बटण. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जातात, हवं ते उजळलं की बटण दाबायचं. तेवढ्यावर एक वाक्य लिहायला बाबांना अर्धा तास लागायचा. म्हणून मी त्यांचे नेहमीचे शब्द लक्षात ठेवून वर यादी दाखवायला लागले. 'चहा' लिहिलं की पुढे 'गार झाला' आपोआप येतं. प्रोग्राम मी सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्या, बदला, पुढे द्या. अट एकच, पुढे द्याल तोही असाच खुला द्यायचा. आता तो बऱ्याच शाळांत आणि हॉस्पिटलांत चालतो.

नोटिशीत म्हटलंय की मी एका पेटंटवर डल्ला मारला. ते पेटंट असं: 'वापरकर्त्याच्या पूर्वनिवडींच्या इतिहासाच्या आधारे संभाव्य निवडींचा प्राधान्यक्रम दर्शनपटलावर गतिमानतेने निर्धारित व सादर करण्याची पद्धती, प्रणाली व तत्संबंधी उपकरण.' मी पाच वेळा वाचलं. तू जन्मभर कॉम्प्युटर कंपनीत होतास. याचा अर्थ काय रे?

तुझी,
चिंगी

१९ जानेवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. मामीनं तुझं ते वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिला उचकी लागली. अर्थ एवढाच आहे की माणूस जे नेहमी मागतो ते वर ठेवायचं. बस्स! आपला दूधवाला हेच करतो. उद्या त्यालाही नोटीस येईल.

अगं, असल्या गोष्टीवर हक्क मागणारे ते आयत्या बिळावरचे नागोबा! मी ओळखतो ही जात. स्वतः काही बनवत नाहीत. बुडालेल्या कंपन्यांची पेटंटं भंगाराच्या भावात उचलायची आणि लोकांना धमक्या द्यायच्या. पण त्यांच्यापेक्षा मला राग येतो तो ज्यानं हा 'शोध' लावला त्या महाभागाचा. कोण हा गाढव? त्याला लाज कशी वाटली नाही? आमच्या वेळी इंजिनियर काहीतरी शोधून मग बोलायचे. या इसमानं मराठी शाळेतल्या फळ्यावरच्या हजेरीलाही पेटंट लावलं असतं. त्याचं नाव-पत्ता मिळव. मी स्वतः त्याला पत्र लिहितो, असं लिहितो की जन्मात पुन्हा कशाला हात लावणार नाही.

तू घाबरू नकोस. दाजींना नमस्कार, ताईला सांग की शेजारणीला अजून खरं सांगायची घाई करू नकोस.

तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सा. न. तीन शाळांनी प्रोग्राम काढून टाकला. मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही, नोटीस त्यांनाही गेली आहे. जिथे मी प्रोग्राम ठेवला होता त्या साइटवाल्यांनी तो महिनाअखेर उतरवायचं ठरवलंय. बाबांच्या मशीनवर आहे तो राहील, पण दुरुस्त्या बंद, नवीन कुणाला देणं बंद. एक शिक्षिका लिहितात, वर्गातल्या एका मुलीनं याच्यावरून पहिल्यांदा भांडण केलं होतं. आता ती भांडायची थांबली. मला रडू आलं, आणि मग स्वतःचं हसूही आलं, कारण आपण जगात काहीतरी भलं केलंय असं मी महिनाभरापूर्वी कॉलेजात भाषण ठोकलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

एक वकीलबाई भेटल्या आहेत. खुल्या प्रोग्रामांचे खटले त्या फुकट लढतात. त्यांनी पेटंटचे सगळे कागद काढले. मी ते पूर्ण वाचले. शोधकाचं नावही वाचलं. तो निवृत्त झालाय आणि हयात आहे, एवढंच सध्या सांगते. तुझं त्याच्याविषयीचं मत अजून तेच आहे ना?

पेटंटचा नंबर ७७१४०५२. मामी, हा नंबर प्लीज मोठ्यानं वाच.

तुझी,
चिंगी

८ फेब्रुवारी

चिंगे,

शोधकाचा पत्ता मिळाला. तो याच घरात राहतो.

मी ओट्यापाशी कांदा चिरत होतो. मामी पत्र वाचत होती. नंबर वाचला आणि थांबली. म्हणाली, "अहो, हा आकडा मी रोज धुते." मी म्हटलं, काहीतरी काय. तिनं माझ्या हाताखालची पाटी ओढली, कांदा जमिनीवर सांडला. निवृत्त होताना कंपनीनं दिलेली लाकडी पाटी आहे ती, वर पितळी पत्रा. भिंतीवर लावायला खिळा मिळाला नाही म्हणून मामीनं ती कांद्याला घेतली होती. पत्र्यावर लिहिलंय: '७७१४०५२. शोधक:' आणि पुढे तुझ्या मामाचं नाव, खाली अर्जाची तारीख. काखेत कळसा म्हणतात ना, माझा तर कांद्याखाली होता.

मला खरंच ओळखू आलं नाही गं. मी बनवलं होतं ते चहाचं यंत्र. ऑफिसात पाहुण्यांच्या खोलीत एक यंत्र आलं होतं, त्यात चहा-कॉफीचे इतके प्रकार होते की लोक दाबून दाबून थकायचे. मी त्याच्यात एक छोटा प्रोग्राम टाकला. जे जास्त मागितलं जाईल ते सगळ्यात वर. एका दुपारचं काम. पुढे एकदा कंपनीला वाटलं आपल्या नावावर पेटंटं कमी आहेत. वकील आला, म्हणाला, तुम्ही काय काय केलंय सांगा. मी चहाचं सांगितलं, विनोद म्हणून. त्यानं त्याचं ते वाक्य केलं. मी वाचलं, कळलं नाही, पण काहीतरी थोर असावं असं वाटून सही केली. हक्क कंपनीचा, पाटी माझी. कंपनी बुडाली, हक्क नागोबाकडे गेला.

तुला माहीत होतं आणि तरी तू मला माझ्या धमकीची आठवण करून दिलीस. चांगली वळणावर गेली आहेस, बापाच्या.

मी आजच त्या कंपनीला लिहितो की हे पेटंट मी सोडलं.

लाजलेला,
मामा

२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सा. न. रागावू नकोस. तुझ्या नावाचा कागद हातात आला तेव्हा मी आधी रागावले, मग तुझं 'कोण हा गाढव' आठवलं आणि राग टिकला नाही. हसत हसतच पत्र लिहिलं.

पण तुला ते सोडता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, विकलेल्या गाईचं दूध माफ करण्यासारखं आहे. तू लिहिलेल्या पत्राचा मात्र उपयोग झाला. ते घाबरले. त्यांनी मला देऊ केलंय की 'पुढचा शब्द' मी वापरावा, फुकट, आमची हरकत नाही. फक्त एवढंच, की परवानगी मला एकटीला, आणि बाहेर वाच्यता नाही.

मी नाही म्हणणार आहे. प्रोग्रामची अट आहे ना, घेणाऱ्याला जे मिळालं तेच त्यानं पुढच्याला द्यायचं. मला परवानगी आणि शाळेला नोटीस, असं झालं तर तो खुला राहतच नाही. त्या भांडखोर मुलीला मी काय सांगू, की माझे बाबा बोलतील, तू गप्प बस?

आता एकच मार्ग आहे. पेटंटचा अर्ज करायच्या एक वर्षाहून आधीपासून ती गोष्ट उघड्यावर वापरात असेल, तर ती नवी धरत नाहीत. पेटंट रद्द होतं. तुझ्या पाटीवर अर्जाची तारीख आहे. मी पावणेदोन वर्षांची होते तेव्हाची. यंत्र त्या खोलीत नक्की कधी सुरू झालं? आठव.

तुझी,
चिंगी

३ मार्च

चिंगे,

आशीर्वाद. मला विचारशील तर पदरात पडलं ते पवित्र मानून घे. तुझं वय तत्त्वांचं आहे, माझं गुडघ्यांचं. दाजींचं मशीन चालू राहतंय ना? मग कंपन्यांशी कशाला भांडतेस? मी आयुष्यभर कंपनीशी भांडलो नाही आणि बघ, मला पाटी मिळाली.

हे लिहून झाल्यावर मामीनं वाचलं आणि म्हणाली, "पाटीवर कांदे चिरतोय आपण."

आणि तारीख कुठली आठवतेय! लग्नाची तारीख मामी दरवर्षी सांगते तेव्हा कळते. कंपनीची इमारत आता व्यायामशाळा झाली आहे. साहेब वारले. पाहुण्यांच्या खोलीत कोण पाहुणे आले, कधी आले, कुणाला लक्षात राहणार? फक्त दाजींची ती गोष्ट आहे, जी त्यांनी प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही सांगितली. यंत्रानं तीन वेळा बिनसाखरेचाच चहा दिला, कारण मेहुणा दिवसभर तिथे बसून बिनसाखरेचा ढोसत होता. मला तेव्हा राग यायचा. आता ते ती गोष्ट सांगत नाहीत, तर एक सांगू का, मला करमत नाही.

तुझा,
मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

सा. न. काल माझा वाढदिवस होता. केक खाऊन झाल्यावर तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तेराव्याचं ऐकून ते एवढे हसले की आई पाणी घेऊन धावली. मग त्यांनी अंगठा चालवायला सुरुवात केली. मला वाटलं, तुला एखादी शिवी जाणार.

त्यांनी लिहिलं: 'तू जन्मलीस त्या दिवशी.'

मला कळेना. त्यांनी पुढे लिहिलं: 'मुलगी झाली सांगायला गेलो. हॉस्पिटलातून थेट. तोंड कडू.'

मामा, अरे तोच दिवस! तू त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवलं होतंस, आणि आनंदात त्यांनी वरचं बटण दाबलं, तीनदा. माझ्या जन्मदाखल्यावर तारीख आहे. ती तुझ्या पाटीवरच्या तारखेच्या पावणेदोन वर्षं आधीची आहे. आपल्या घरात एवढ्या वर्षांत ती गोष्ट सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली, पण आपण कायम चहावर हसलो. ते तिथे का गेले होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

वकीलबाईंनी फोनवर मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. आता पेटंट ऑफिसातल्या अधिकाऱ्यांपुढे साक्षी होणार. आधी तुझी, मग बाबांची. मी त्यांना नको म्हणत होते, त्यांना त्रास होईल. त्यांनी लिहिलं, 'गप्प.' तो शब्द यादीत पहिलाच असतो.

तुझी,
चिंगी

२० मे

चिंगे,

आशीर्वाद. तुझी परीक्षा होती म्हणून तू हुकलीस, नाहीतर मामाची शोभा बघायला मिळाली असती.

जगातला पहिला शोधक असेन, जो आपण नवीन काही शोधलं नाही हे सिद्ध करायला इस्त्रीचा शर्ट घालून गेला. समोरच्या वकिलानं विचारलं, "हे नवीन आहे, या म्हणण्याखाली ही तुमचीच सही ना?" म्हटलं, हो. "आणि आज म्हणता, दोन वर्षं आधीच लोक वापरत होते? मग तुम्ही न वाचता सही केलीत?" म्हटलं, वाचून केली. वाचूनही कळलं नाही. अधिकारी बाई खाली मान घालून हसल्या. वकील म्हणाला, स्वतःचा शोध तुम्हाला ओळखू येत नाही? मी म्हटलं, तुम्हाला येतो का? मोठ्यानं वाचा आणि सांगा हे चहाचं यंत्र आहे. तो वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

गंमत संपली ती शेवटी. त्या वकिलानं दाजींच्या साक्षीला आधीच हरकत घेतली आहे. म्हणे, त्यांचे शब्द त्यांचे कशावरून? प्रोग्राम शब्द सुचवतो, आणि प्रोग्राम मुलीचा. म्हणजे साक्ष मुलीचीच. मी उठून काहीतरी बोलणार होतो, वकीलबाईंनी बाही धरून खाली बसवलं. जूनमध्ये माझा दुसरा डोळा कापणार आहेत, मी येऊ शकणार नाही. पण चिंगे, तुझं बरोबर होतं आणि माझं गुडघ्यांचं तत्त्वज्ञान चुकीचं होतं, एवढं लिहून ठेव.

तुझा,
मामा

१७ जून

प्रिय मामा,

सा. न. डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा मामी, हे हळू वाच.

बाबांनी हरकतीवर स्वतःच तोडगा काढला. मला लिहिलं, 'यादी बंद कर.' म्हणजे एकही शब्द सुचवायचा नाही. नुसती अक्षरं. मी नाही म्हटलं, ते 'गप्प'वर गेले.

खोली छोटी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर मोठा पडदा. यादी बंद आहे हे वकिलानं स्वतः वाकून तपासलं. मग बाबा सुरू झाले. अक्षरं उजळत जातात, हवं ते निसटलं की पुन्हा पूर्ण फेरी. 'यंत्र'मधला अनुस्वार तीनदा निसटला. आधी वकील घड्याळ बघत होता, नंतर त्यानं बघायचं सोडलं. चहा आला तेव्हा शिपायानं विचारलं, साखर? बाबांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते हसताहेत. त्या हसण्यात एक अक्षर चुकलं आणि पुन्हा मागे जावं लागलं.

अधिकारी बाईंनी मध्येच सांगितलं, थांबा, पुढच्या तारखेला करू. बाबांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. मी त्यांच्या मागे उभी होते. इतके दिवस मला वाटायचं, यांना मी बोलतं केलं. त्या दिवशी दिसलं की यांना बोलायचंच होतं, मी फक्त रस्ता जवळचा केला. भाषण ठोकलं होतं त्याची फार लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत पडद्यावर एवढं उमटलं: 'मुलगी झाली. सांगायला गेलो. यंत्र तिथे होतं. तीनदा बिनसाखरेचा चहा दिला. माझा मेहुणा खरं सांगतो.'

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. वकीलबाईंनी खूण करून थांबायला सांगितलं होतं. ते थांबले नाहीत.

तुझी,
चिंगी

३ सप्टेंबर

प्रिय मेहुण्यास,

आशीर्वाद. हे पत्र मी यादी चालू ठेवून लिहितोय, त्यामुळे थोडं लांब होईल. चिंगी उतरवून घेईल. तिनं मध्ये काही घातलं तर मला सांग.

निकाल आला. पेटंट रद्द. सरकारनं शिक्का मारून लिहून दिलंय की तू नवीन काहीही शोधलं नाहीस. मी हे तुझ्या बहिणीला लग्नापासून सांगत होतो, पण माझ्याकडे शिक्का नव्हता.

प्रोग्राम पुन्हा सगळीकडे चढला. त्या शाळेतल्या पोरीनं चिंगीला निरोप पाठवला, शाळेतलं जेवण वाईट आहे. चिंगी तो दिवसभर दाखवत फिरली. तुझी बहीण मात्र शेजारणीला अजून स्कॉलरशिपचंच सांगते, आता माघार घेता येत नाही म्हणते.

पाटी फेकू नकोस. कांदे कशावर चिरशील? डोळा बरा झाला की ये. इथला चहा गोड असतो.

एक गोष्ट चिंगीला माहीत नाही, आता उतरवताना कळेल. 'मेहुणा' लिहिलं की माझं मशीन पुढचा शब्द देतं 'गाढव'. चूक त्याची नाही, दोन वर्षं मी तोच निवडला. पण साक्षीच्या दिवसापासून त्याच्याखाली आणखी एक शब्द यायला लागलाय, 'खरं'. यादी बंद असतानाही ते ऐकत होतं म्हणायचं. एकदाच लिहिला होता, तरी लक्षात ठेवला.

आता मी रोज सकाळी एकदा 'मेहुणा' लिहितो आणि खालचा शब्द निवडतो. पुढे काही लिहायचं नसलं तरी. अजून गाढवच वर आहे. पण चढेल तो हळूहळू, मला घाई नाही.

तुझा,
दाजी